नसीम, तुझ्या नावाचा फलक लागणार नाही

नसीम,

तू गेलीस त्या रविवारी दुपारी तुला पोचवून तुझे भाऊ आणि मोहल्ल्यातले लोक घरी परतले, तेव्हा मी कॅनॉलच्या पुलाखाली बसून फॉर्म भरत होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत आणि तुमच्याकडे कब्रस्तानात. या एका बाबतीत दोन्हीकडच्या पुरुषांचं अगदी एकमत आहे. तुला घरातून नेलं, तेव्हा मी अम्मीच्या शेजारी दारात उभी होते. नंतर अम्मी म्हणाल्या, "बैठ मंगल, कुछ खा ले." मी बसले नाही. बसले असते तर रडले असते, आणि तिथे रडायला तुझ्या चार मावश्या आधीच बसल्या होत्या.

रविवार आपला निरीक्षणाचा दिवस. सकाळी आठ ते दुपारी तीन. लग्न असो, ताप असो, तू कधी चुकवू दिला नाहीस. त्या दिवशी मी फार उशिरा पोचले. उशिराचं कारण लिहायला फॉर्मवर जागा आहे, तिथे काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि घड्याळ बघून कामाला लागले. दोन बायका, एक बैलजोडी, गुडघ्यापर्यंत, साबणासह. अक्षर खराब आलंय. तू असतीस तर बोलली असतीस.

आधी लोकांचं सांगते. तू गेल्यापासून माजलगावात एक कथा फिरते आहे. तू आफ्रिकेतून कसलासा किडा अंगात घेऊन आलीस आणि त्यानंच तुला खाल्लं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तर तोंडावर पदर धरून मला विचारलं, "ते तुम्हालाही लागू शकतं का हो?" मी म्हटलं, लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान तुम्ही लांब बसला असतात. तुला तिथे तो आजार झाला होता, हे खरं. सगळ्यांनाच होतो, तळ्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला. तू गोळ्या घेतल्यास आणि बरी झालीस, त्यालाही आता पंधरा वर्षं झाली. तू गेलीस ती हृदयाच्या झटक्यानं, सकाळी चहा टाकताना, अब्बा गेले तशीच. गोगलगायींनी तुझं काही वाकडं केलेलं नाही. हे मी जो विचारेल त्याला सांगते, आणि जो विचारत नाही त्यालाही सांगते.

अब्बांचं मोटार भरायचं दुकान मला अजून आठवतं. जळलेल्या पाणबुडी मोटारी ओळीनं ठेवलेल्या, आणि त्यांच्या मागे पाटावर बसून तू बेडकाचं चित्र काढतेस. आपण दोघी एकाच बाकावर जीवशास्त्र शिकलो. मी बी.एड. करून इथेच मास्तरीण झाले आणि तू निघालीस टांझानियाला, गोगलगायी वेचायला. तुझ्या मामूनं विचारलं होतं, "वहां जाके घोंगे चुनेगी? घोंगे तो यहां भी है." बिचाऱ्याला वाटलं आपण टोमणा मारला. तू मात्र ते डोक्यात ठेवलंस आणि नऊ वर्षांनी परत आलीस तेव्हा पहिलं वाक्य हेच बोललीस, "मामू बरोबर होते मंगे. इथेही आहेत."

तुझ्या तिथल्या गोष्टी मला पाठ आहेत. मोठ्या तळ्याच्या काठचं ते गाव, त्यातली पाणी भरायची जागा, धुण्याची जागा, मुलांच्या पोहण्याची जागा, आणि झाडाखाली घड्याळ घेऊन बसलेली तू. कोण पाण्यात उतरलं, किती वेळ, अंगाचा किती भाग भिजला, साबण होता का. गोगलगाईला ते लोक कोनोकोनो म्हणतात. ती पाण्यात जे बारीक कृमी सोडते, ते माणसांच्या कातडीतून आत जातात, तिथेच संसार थाटतात आणि पोरांच्या लघवीतून रक्त जातं. कुणीतरी मोठ्या माणसानं तिथे फलक लावला होता, 'पाण्यात उतरू नका.' आणि एका म्हातारीनं त्याच फलकावर आपली कमरेला गुंडाळायची ओली लुंगी वाळत टाकली. हे सांगताना तू हसायचीस आणि मग एकदम गंभीर व्हायचीस. "नळ न देता बोर्ड देणाऱ्याला त्याच्याच बोर्डावर वाळत घातलं पाहिजे," असं म्हणायचीस.

आपल्याकडची गोगलगाय एवढी जहाल नाही. इथे ते कृमी बैलांचे. बैलाच्या नाकात राहतात, बैल घोरायला लागतो, पाणी पिताना त्याचा शेंबूड कॅनॉलमध्ये पडतो, त्यातली अंडी फुटून जीव गोगलगाईत शिरतो. उन्हं चढली की गोगलगाय पाण्यात हजारो बारीक कृमी सोडते. ते शोधत असतात बैलाला आणि सापडतो बाईचा पाय. आत घुसतात, चूक लक्षात आल्यासारखे तिथेच मरतात आणि बाईला आठ-आठ दिवस खाजवत ठेवतात. खाजवून फोड, फोडाची जखम, जखम पिकली की ताप. पण त्यानं कुणी मरत नाही. हीच तर अडचण. न मरणाऱ्या बायकांचा आजार कोणत्या रजिस्टरात लिहायचा, हे कोणालाच माहीत नाही. तू मात्र त्यासाठी रजिस्टर आणलंस, तांबड्या पुठ्ठ्याचं, आणि मला म्हणालीस, "दर रविवारी रिकामी असतेस ना?" मी रिकामी नव्हते. तरी आले.

जागा तू निवडलीस. कारखान्याच्या पलीकडे, पुलापासून हाकेच्या अंतरावर, ऊसतोड टोळीच्या कोप्या पडतात तिथली. पाचट आणि प्लास्टिकच्या त्या खोपटांत दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातली माणसं येऊन राहतात आणि गुढीपाडव्याला परत जातात. नळ नाही, हापसा नाही. पिणं, धुणं, अंघोळ, बैल, सगळं कॅनॉलवर. तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी आपल्याला परवानगी दिली होती आणि रिपोर्ट आला की नळ, धुण्याचा ओटा आणि बैलांसाठी वेगळा हौद यांचा विचार करू, असं तोंडी सांगितलं होतं. या 'विचार करू'वर आपण दोन हंगाम उन्हात काढले.

तुझा नियम एकच. बघायचं, लिहायचं, बोलायचं नाही. आपण बोललो की माणसं वेगळं वागतात आणि मग आपण जे लिहितो ते खोटं. मी पहिल्या पाच रविवारी तोंड शिवून बसले. माझ्यासाठी ते काय होतं, हे माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचार. सहाव्या रविवारी सात महिन्यांची पोटुशी एक पोरगी कमरेएवढ्या पाण्यात गोधडी आपटत होती. पायांवर, दंडांवर लाल पुरळ. अर्धा तास झाला, तास झाला, दीड तास झाला. तू लिहितेयस. मी उठले आणि ओरडले, "अगं बाई, बाहेर ये. जिवावर उठलीस का?"

तिनं मान वर करून माझ्याकडे शांतपणे बघितलं. "येते की भाईर. तुमी धुता का?"

तू माझ्या हाताला धरून खाली बसवलंस आणि दातओठ खात म्हणालीस, "चुप बैठ मंगे. सगळा दिवस खराब केलास." पण ती पोरगी आता खरंच बाहेर आली होती, पदर पिळत आपल्यापुढे येऊन उभी राहिली. तिचं नाव रेखा. "तुमी दर रयवारी हितं बसताय," ती म्हणाली. "दर येळी दोन न्हाईतर तीनच बाया दिसत्यात तुमाला. बाकीच्या कावून दिसत न्हाईत, ते इचारलं का कुनाला?"

आपण विचारलं नव्हतं. नियम होता ना.

मग तिनंच सांगितलं. टोळी पहाटे फडात जाते. ज्या बाईच्यानं त्या दिवशी ऊस तोडवत नाही, ती मागे राहते. जिचे दिवस भरत आलेत, जिला ताप आहे, जिचा हात कोयत्यानं कापलाय, जिला अंगावरून फार जातंय. मागं राहिलेली बाई बसून राहिली तर मुकादम बोलतो, म्हणून तिला हलकं काम. हलकं काम म्हणजे सगळ्या कोप्यांचं धुणं, सगळ्या कोप्यांचं पाणी आणि मागं राहिलेल्या बैलांना पाण्यावर नेणं. "मी आज पान्यावर हाय," असं त्या म्हणतात. "आजारी हाय" असं म्हणत नाहीत.

तुझा चेहरा मी त्या वेळी बघितला, नसीम. तू फॉर्म बनवला होतास तिकडचा, तळ्याकाठचा. तिथे प्रत्येक बाई आपापलं धुणं घेऊन येते. म्हणून एक माणूस, एक ओळ, एवढंच त्यात होतं. कोणाचं धुणं धुते, हा रकानाच नव्हता. आपल्या कागदांप्रमाणे कोप्यांतली बहुतेक माणसं पाण्याला शिवतच नव्हती. सगळं छान होतं. धोका अगदी थोडक्या लोकांना. आणि ते थोडके लोक कोण, तर टोळीतली सगळ्यात खचलेली बाई, दर दिवशी नवी, तासन् तास, उन्हं चढलेली असताना.

त्या संध्याकाळी तू सगळे फॉर्म माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेस. मला वाटलं आता रडशील. तू पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'चूक आमची. पुन्हा करणार.' मग माझ्याकडून आल्याचा चहा मागून घेतलास. एवढी शिकलेली, एवढा देश बघितलेली बाई, पण 'चूक आमची' लिहायला तुला एक मिनिटही लागलं नाही. मी पंचवीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवते. ते काय असतं, ते त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात कळलं. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर बसली असतीस.

आणि एक गोष्ट तूही कधी कबूल केली नाहीस. ती चूक सापडली ती माझ्या ओरडण्यामुळे. मी हे दर महिन्याला एकदा तरी काढायची आणि तू दर वेळी तेच म्हणायचीस, "डोळे मिटून दगड मारलास आणि आंबा पडला. त्याला नेम म्हणत नाहीत." आता हा वाद माझ्या बाजूनं मिटवून टाकायला कोणाची हरकत नाही. पण असा मिटवण्यात काय मजा.

दुसरा हंगाम आपण नव्या फॉर्मवर केला. कोणाचं काम, का मागे राहिली, पुरळ कुठे, जखम किती दिवसांची. रेखा पुन्हा आली, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं पोर घेऊन. आता ती आपल्याला ओळखत होती आणि आपल्या नियमाची टिंगल करत होती. आपल्याजवळून जाताना तोंडावर बोट ठेवून जायची. तुला हसू आवरायचं नाही आणि तू वही तोंडापुढे धरायचीस.

पौषात रिपोर्टचा कच्चा मसुदा साहेबांना दिला. त्यांनी तो आठ दिवसांत वाचला, याचं आपल्याला केवढं कौतुक वाटलं होतं. त्यांनी फक्त एक वाक्य घातलं होतं. 'महिलांच्या निष्काळजीपणामुळे व अज्ञानामुळे सदर त्रास उद्भवतो. जनजागृतीपर फलक लावणे आवश्यक.' हे वाक्य राहिलं तर एक नळ यंदाच मंजूर करून घेतो, असा निरोपही दिला. ओटा आणि हौद पुढे बघू. वाक्य काढलं, तर चूक मग नळ न देणाऱ्यांची ठरते. तशा कागदावर वरचे लोक पैसे देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आपलं शेवटचं भांडण यावरचं. तुझ्या स्वयंपाकघरात, गुरुवारी. मी म्हटलं, या कागदावर मी सही करणार नाही. तू कांदा चिरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मी करते. नळ येतोय ना."

मला वाटलं तू थट्टा करतेस. तू करत नव्हतीस. "मंगे, तुला शब्द प्यारे, मला नळ. पाणी आलं की ते वाक्य कोण वाचतंय?"

"मी वाचते," मी म्हटलं.

"तू तर औषधाच्या बाटलीवरचंही वाचतेस."

"तिकडचा बोर्ड आठवतोय का तुला? तुझ्याच तोंडची गोष्ट आहे."

मग तू सुरी खाली ठेवलीस. "तिकडे आम्ही तो बोर्ड काढायला लावला. आमचं नाक उंच राहिलं. नळही आला नाही. मी नऊ वर्षं थांबून बघितलं, नाही आला. पोरं त्याच पाण्यात उतरत राहिली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण गोष्ट म्हातारीच्या लुंगीवर संपवली की छान वाटते."

त्यावर गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "म्हणजे तू दमलीस. सरळ सांग की दमले म्हणून." आणि चपला घालून निघाले. तू दारापर्यंतही आली नाहीस.

शनिवारी संध्याकाळी तू मोबाइलवर फोटो पाठवलास. पुलाच्या दगडावर चढलेली एक गोगलगाय, खाली एक अक्षर नाही. तुझी माफी मागायची पद्धत मला माहीत होती. दर भांडणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक कोनोकोनो यायचा. मी बघितला आणि उत्तर दिलं नाही. ठरवलं, रविवारी पुलाखाली भेटशील तेव्हा आधी तुलाच बोलू द्यायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते, कारण तुला सांगायचं राहिलं होतं.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी साहेब माझ्या घरी आले. माणूस वाईट नाही, हे मला मान्य करावं लागतं. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. चहा घेतला, दोन वेळा चष्मा पुसला, आणि मग म्हणाले, "मॅडमच्या स्मरणार्थ काहीतरी करावं, असं ऑफिसात ठरलंय. कॅनॉलवर सहा फलक लावतो. वर मॅडमचं नाव, खाली संदेश."

मी विचारलं, "संदेश काय?"

"पाण्यात उतरू नका," ते म्हणाले.

मी हसले. फार मोठ्यानं हसले, नसीम. ते घाबरले, पाणी आणू का विचारू लागले, माझ्याच घरात. मी सांगितलं की फलकावर नाव घालायचं असेल तर आधी तिच्या अम्मीला विचारा, आणि अम्मी हो म्हणाल्या तरी मी रात्रंदिवस तिथे बसून पुसून टाकीन. ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात आहात." होते की. भावना काय सुट्टी घेऊन यायची असते? जाताना ते दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "नळाचं मॅडम मला हो म्हणाल्या होत्या. शुक्रवारी फोनवर. तुमची एक सही आली की झालं."

म्हणजे तू त्यांना कळवूनही टाकलं होतंस. तो गोगलगाईचा फोटो नक्की कशाची माफी होता, हे मला आता कोण सांगणार?

त्या रात्री झोप आली नाही, हे काही नवल नाही. नवल हे, की सकाळी मी तुझ्यासारखं वागले. मला काय वाटतं ते बाजूला ठेवलं आणि ज्यांच्याबद्दलचं वाक्य होतं त्यांच्याकडे गेले. संध्याकाळी, टोळी फडातून परतल्यावर. चुली पेटत होत्या. बायका भोवती बसल्या आणि मी ते वाक्य वाचलं.

"निष्काळजी म्हंजी?" रेखानं विचारलं.

"म्हणजे तुम्हाला जिवाची पर्वा नाही. आपल्या मनानं पाण्यात बसून राहता."

मग कौसाबाई नावाची म्हातारी, सगळ्यांत जुनी तोडकरीण, म्हणाली, "घ्या नळ. नावं काय, रोजच ठेवत्यात. नावं ठिवल्यानं अंगाला खाज सुटत न्हाई." दोघी-तिघींनी माना हलवल्या. मला वाटलं, संपलं. तू जिंकलीस.

रेखा पोराला पाजत होती. ती म्हणाली, "आजे, नावं तोंडानं ठेवत्यात. हे कागदावर ठेवायलेत. आपुन पाडव्याला जानार. नळ हितंच ऱ्हानार, अन् कागद बी हितंच ऱ्हानार. पुढल्या साली नळ बिघडला, तर कागदात बघून म्हनतील, ह्या बायाच तसल्या हायेत, दुरुस्त कावून करायचा?"

"अन् नळ न्हाईच आला तर?" कौसाबाईनं विचारलं.

"न्हाई आला तर आपल्यालाच उतरायचंय पान्यात. बाईला न्हाई." रेखा माझ्याकडे वळली. "ते तेवढं ध्यानात ठेवा, बाई. तुमी न्हाई म्हनून घरी जाल, मोरीत नळाला हात धुवाल. आमी न्हाई म्हनलं तर आमच्या पायाला लागतं ते."

मी म्हटलं, "म्हणून तुम्हीच सांगा."

रेखानं फार वेळ घेतला नाही. "नळ मागा. न्हाई दिला तर फिरून मागा. पन आमच्यावर ढकलून न्हाई." बाकीच्या बायकांत थोडी कुजबुज झाली. कौसाबाई शेवटपर्यंत म्हणत राहिली की तुमी लई शान्या झालाय. पण उठून गेली नाही, आणि सगळ्यांनी 'न्हाई' म्हटलं तेव्हा तिनंही तंबाखू थुंकून 'न्हाई' म्हटलं.

काल तालुक्याच्या ऑफिसात रिपोर्टवर बैठक झाली. आधी तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले सगळे. त्यात एकाचा मोबाइल वाजला आणि तो तसाच वाजू दिला गेला, कारण हलायचं नव्हतं. मग मी रिपोर्ट वाचला. ते वाक्य न घालता. त्याच्या जागी आपलं वाक्य घातलं होतं: पाण्यात उतरणाऱ्या बाईला दुसरं पाणी दिलेलं नाही, आणि ती त्या दिवशी आजारी असते म्हणूनच तिला तिथे पाठवलं जातं. आपली पहिल्या हंगामातली चूकही वाचली, 'चूक आमची' या शब्दांसकट.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपलं हुकमाचं पान टाकलं. "नसीम मॅडम स्वतः माझ्या मसुद्याला तयार होत्या. त्यांची इच्छा आपण डावलायची का? तेही त्या गेल्यावर पंधरा दिवसांत?"

सगळ्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. नव्हती तयार, असं मी म्हटलं असतं तर खोडायला तू नव्हतीस. तुला संत करून टाकायची ती चांगली संधी होती. मी म्हटलं, "हो, तयार होती. तिनं आयुष्यभर नळ न आलेला बघितला होता, म्हणून तयार झाली. ती चुकली."

तू गेल्यापासून तुझ्याबद्दल कोणी वाईट बोललं नव्हतं. पहिली मी.

साहेबांनी फाइल मिटली. "मग नळाचं आता बघू," ते म्हणाले. हे बघू किती वर्षांचं असतं, ते तुला-मला माहीत आहे. मी फाइलची पोच सहीशिक्क्यानिशी घेतली आणि फलकांना अम्मीचा लेखी नकारही जोडून दिला. अम्मींनी उर्दूत लिहिलाय. चार ओळी आहेत, आणि त्या वाचून दाखवल्या तेव्हा माझ्यापेक्षा तिखट निघाल्या.

आज पुन्हा रविवार. मी नुकतीच कॅनॉलवरून आले. रेखा पाण्यावर होती. पोराला ताप होता म्हणून मागं राहिली होती. साडेतीन तास, गुडघ्यापर्यंत, नऊ कोप्यांचं धुणं. तिच्या पोटऱ्यांवर नवे फोड आहेत. मी ते मोजले आणि लिहिले, आणि लिहिताना मला कळत होतं की यंदा नळ आला असता तर पुढच्या महिन्यातले फोड आले नसते. ते माझ्या नावावर आहेत. तू हेच म्हणशील, आणि तू म्हणशील ते खोटं नसेल. उद्या शाळा सुटल्यावर मी पुन्हा ऑफिसात जाणार आहे. परवाही. मला नळ हवा आहे, ओटा हवा आहे, हौद हवा आहे, आणि ते वाक्य नको आहे. यातलं काहीही कमी करायला मी तयार नाही.

पण नसीम, काल भर सभेत, सगळ्यांच्या देखत, मी तुला चुकीची ठरवलं आणि तू ऐकून घेतलंस. तीस वर्षांत असं एकदाही झालं नाही. हे मला चालणार नाही. ऊठ, आणि भांड माझ्याशी.